पत्र्याखालचे ससे आणि विदर्भातील मे महिना

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकोल्यातील एका कुटुंबाकडे दोन ससे आहेत, एक साधा पांढरा आणि दुसरा लांब केसांचा. त्यांचा पिंजरा गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला आहे. घरातील सर्व जण सकाळी नऊ ते सायंकाळी सहा बाहेर असतात, आणि एप्रिल संपत आल्यापासून लांब केसांचा ससा दुपारभर अंग टाकून पडून राहू लागला आहे. पिंजऱ्यासमोर टेबलफॅन लावलेला आहे, सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघांना थंड पाण्याने अंघोळ घातली जाते, आणि याखेरीज आणखी काय करता येईल, असे त्यांनी विचारले आहे.

आणखी काही करण्याआधी यातील तीन गोष्टी थांबवाव्या लागतील. गच्चीवरचा मुक्काम आजच हलवावा, उन्हाच्या वेळी नुसता पंखा लावू नये, आणि अंघोळ कायमची बंद करावी. पशुवैद्यक म्हणून या भागात मी वीसएक उन्हाळे काढले आहेत. ऊन लागलेले जे ससे माझ्यापर्यंत आले, त्यांतील बहुतेक या तीनपैकी कोणत्या तरी एका कारणानेच आले, आणि त्यांच्या घरच्या माणसांची माया कुठेही कमी नव्हती.

सशाचे शरीर कसे चालते ते एकदा समजले की पुढच्या गोष्टी फारशा सांगाव्या लागत नाहीत. निरोगी सशाच्या शरीराचे तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. माणसासारखा घाम त्याला येत नाही, आणि कुत्र्याप्रमाणे तोंड उघडे टाकून धापा घेत उष्णता बाहेर टाकण्याची सोयही त्याला नीटशी नाही, कारण ससा मुळात नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे. त्याच्याकडे उरतात ते कान. त्या पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पानांमधून रक्त फिरते, भोवतालची हवा त्याहून थंड असली तर उष्णता हवेत जाते, आणि थंड झालेले रक्त परत शरीरात येते. हवा १५ ते २१ अंशांची असली की ससा सुखात असतो, २८-३० च्या पुढे त्याच्यावर ताण येऊ लागतो, आणि ३५ च्या वर स्वतःचे तापमान सांभाळणे त्याला फार वेळ जमत नाही. अकोल्यात मे महिन्यात ४२-४३ अंश ही रोजची गोष्ट आहे. म्हणजे हवा सशाच्या रक्तापेक्षा गरम असते, आणि ज्या कानांतून उष्णता बाहेर जायची त्याच कानांतून ती आत येऊ लागते.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की आमच्या शेतात तर ससे भर उन्हाळ्यातही दिसतात, मग घरच्याचे एवढे लाड कशाला? आपण दोघांनाही ससा म्हणतो, पण ते निरनिराळे प्राणी आहेत. रानातला ससा हा इथलाच, लांब पायांचा, उघड्यावर झुडपाच्या सावलीत दबून बसणारा आणि बीळ न करणारा आहे. तो वन्यजीव कायद्याने संरक्षित असून त्याला पाळता येत नाही. पिंजऱ्यातल्या सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, आणि ते जमिनीत बिळे करून राहणारे. वर कितीही ऊन असले तरी हातभर खाली माती थंड असते, त्यामुळे उष्णतेवरचे त्यांचे उत्तर तिथे जाऊन बसणे हेच होते. भूमध्य समुद्राकाठच्या काही उष्ण देशांत सशांसाठी अर्धवट जमिनीखाली कोठड्या बांधतात त्या याच कारणाने. आपण त्याच प्राण्याला जमिनीपासून वीस फूट वर नेऊन पत्र्याखाली बसवतो, म्हणजे त्याच्या स्वभावाच्या बरोबर उलट करतो.

गच्चीचा दोष केवळ दुपारपुरता नाही. पत्रा तापला की हात ठेववत नाही, आणि तो तापलेला पत्रा खाली उष्णता फेकत राहतो, त्यामुळे सावली असूनही खालचा प्राणी भाजून निघतो. त्यात स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते ओकत बसतो. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत रात्रीचे तापमानही अनेकदा ३० च्या खाली उतरायला तयार नसते. रात्री गार हवेत शरीर सावरण्याची जी संधी सशाला मिळायला हवी, ती गच्चीवर मिळतच नाही. पत्र्याला चुना लावला, वर हिरवी जाळी ताणली, तर फरक पडतो हे खरे. पण माझ्या मते तो पिंजरा खाली नेण्याला पर्याय होत नाही.

खाली कुठे न्यायचा, तर पहिली पसंती घरातल्या तळमजल्याच्या खोलीला द्यावी. जुन्या घराचे न्हाणीघर, जिन्याखालची जागा, उत्तरेकडची शहाबादी फरशीची खोली, यांपैकी काहीही चालेल. पाळीव ससा खोक्यात माती किंवा लाकडाचा भुसा घालून दिला तर तिथे लघवी करायला शिकतो, त्यामुळे घरात वास येईल ही भीती बरीचशी अनाठायी आहे. विजेच्या वायरी तेवढ्या उंचावर बांधाव्यात, कारण तो त्या कुरतडल्याशिवाय राहणार नाही. दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न आहे, आणि पारा ४० च्या वर गेलेल्या दिवशी सशाला बाहेर ठेवण्याचा सल्ला मी आता कोणालाही देत नाही.

घरात जागा नसेलच तर अंगण. इथे माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. उमेदीच्या काळात माझ्याकडे राखाडी रंगाची एक मादी होती. एप्रिलमध्ये सकाळी आठ वाजता कडुनिंबाखाली गर्द सावली पाहून मी तिचा पिंजरा तिथे मांडला, पाणी ठेवले आणि दवाखान्यात गेलो. चारच्या सुमारास परतलो तेव्हा सावली कुंपणापलीकडे सरकली होती आणि पश्चिमेचे तिरपे ऊन थेट पिंजऱ्यात पडले होते. पाण्याचे भांडे हाताला चटका बसेल इतके तापले होते. ती वाचली नाही. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो की जागा ठरवताना सकाळची सावली पाहू नये. दुपारी एक, तीन आणि पाच वाजता तिथे जाऊन उभे राहावे, आणि तिन्ही वेळा सावली असेल तरच ती जागा धरावी. पश्चिमेकडे भिंत असलेली, पूर्व किंवा उत्तर मोकळी असलेली जागा बहुधा या परीक्षेत उतरते.

तिथे आडोसा करायला महाग वस्तू लागत नाहीत. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, मांडव घालावा आणि त्यावर कडबा किंवा तणस वीतभर जाडीने पसरावे. या थराच्या पोकळीत हवा अडकून राहते, त्यामुळे उष्णता खाली झिरपत नाही. पत्र्यात नेमकी हीच गोष्ट नसते. पत्रा काढणे शक्य नसेल तर त्याच्या खाली हातभर अंतर सोडून तुराट्यांचे दुसरे छत बांधावे आणि मधून वारा खेळू द्यावा. पिंजऱ्याच्या पश्चिम व दक्षिण बाजूला गोणपाटाचे पडदे सोडून ते ओले ठेवावेत. पूर्व व उत्तर बाजू मात्र झाकू नये, कारण चारही बाजूंनी ओले गोणपाट लावले की आत कोंदट वाफ धरते. आत बसायला शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवावा. सशाला ती आपोआप सापडते. पोट फरशीला लावून, मागचे पाय लांब पसरून तो शांत श्वास घेत पडला की तो आरामात आहे असे समजावे.

आता पंखा. आपल्याला पंख्याखाली बरे वाटते ते अंगावरचा घाम उडतो म्हणून. सशाला घामच नाही, त्यामुळे ४३ अंशांची कोरडी हवा त्याच्या अंगावर फेकणे म्हणजे लू अंगावर घेण्यासारखे आहे. पंखा जितका जोरात, तितकी उष्णता आत जाण्याचा वेग जास्त. संध्याकाळी हवा ३५ च्या खाली आली की पंख्याचा उपयोग होतो. त्याआधी वापरायचाच असेल तर त्याच्या आणि पिंजऱ्याच्या मध्ये ओले कापड किंवा वाळ्याची ओली ताटी हवी. म्हणजे तो पंखा न राहता कूलर होतो, आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरसारखा मित्र नाही. आपल्याकडे मेच्या दुपारी हवेत ओलावा इतका कमी असतो की पाणी झपाट्याने उडते आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जाते. ताट्या नव्या असलेला चांगला कूलर खोलीचे तापमान १० ते १२ अंशांनी सहज खाली आणतो. मात्र समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर ओली हवा खोलीतच साठते आणि तासाभरात कूलर निकामी वाटू लागतो. झोत थेट पिंजऱ्यावर नसावा आणि तुषार जमिनीवर पडू नयेत. सतत ओल्या जमिनीवर राहिलेल्या सशाच्या मागच्या पायांच्या टाचांचे केस गळतात, कातडी सोलवटते आणि त्या जखमा महिनोन् महिने भरत नाहीत.

हाच सल्ला मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याने जसाच्या तसा उचलू नये. तिथे पारा बहुधा ३३-३४ वरच थांबतो, पण हवा आधीच ओली असल्याने पाणी उडत नाही आणि कूलर केवळ दमटपणा वाढवतो. किनारपट्टीवर साधा पंखा, गार फरशी आणि मोकळी हवा यांवर भर द्यावा, आणि तेवढ्याने भागत नसेल तर एसी लावावा. एसी २६-२७ वर पुरेसा आहे. २० वर लावलेल्या खोलीतून थेट बाहेरच्या उन्हात नेणे हा सशाला मोठाच धक्का असतो.

आपल्या प्रश्नातला खरा अवघड भाग हा, की दिवसभर घरी कोणी नसते. कूलर लावून गेलात आणि दुपारी दोन वाजता वीज गेली तर काय, याचे उत्तर विजेवर न चालणारे हवे. मला सर्वांत भरवशाचा वाटलेला उपाय आहे फुटका रांजण. काठ गेलेला किंवा तडा पडलेला, पण तोंड सशाला सहज वळता येईल इतके रुंद असलेला रांजण आडवा करून अर्धा मातीत किंवा रेतीत पुरावा, वर जाड गोणपाट टाकावे आणि सकाळी निघताना रेती व गोणपाट दोन्हींवर पाणी शिंपावे. भाजलेल्या मातीचा रांजण पाणी शोषून घेतो आणि दिवसभर पाझरत राहून आतली हवा गार ठेवतो. मुख्य म्हणजे ते बीळच असते, आणि दाखवावे न लागता ससा त्यात जाऊन बसतो. दोन ससे असल्यास रांजण दोन हवेत, नाहीतर दांडगा ससा दुसऱ्याला आत येऊ देत नाही. खोलीत ठेवायचे असेल तर हेच सारे लाकडी खोक्यात रेती भरून करता येते.

त्याच्या जोडीला बर्फाच्या बाटल्या वापराव्यात. दोन लिटरची बाटली पाऊण भरून रात्री फ्रीजरमध्ये ठेवावी, सकाळी जुन्या सुती कापडात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ठेवावी. एकाच कोपऱ्यात, म्हणजे नको वाटले तर सशाला दूर सरकता येते. अशी बाटली तीन-चार तास काम देते, म्हणून दुपारी एकदा बदलायला शेजारच्या कोणाला तरी सांगून ठेवावे. शेजारी किल्ली देणे जिवावर येत असेल तर किमान नवतपाचे नऊ दिवस ससे कोणाच्या तरी माणसे असलेल्या घरी ठेवावेत.

पाण्याच्या बाबतीत मी नळीच्या बाटलीपेक्षा जड, पसरट मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्याला पसंती देतो. नळीतून थेंब थेंब पिण्यापेक्षा ससा भांड्यातून जास्त पितो, शिवाय उन्हात नळीची गोळी अडकली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. साधारणपणे किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी त्याला लागते, म्हणजे दोन किलोचा ससा पाव लिटरच्या आसपास पाणी सहज पितो, आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक. दोन भांडी दोन ठिकाणी ठेवावीत, म्हणजे एक लवंडले तरी दुसरे असते. माठातले पाणी चालते. फ्रीजमधले बर्फाळ पाणी, ग्लुकोज किंवा साखरपाणी देऊ नये.

खाणे पहाटे सहाच्या आत आणि सायंकाळी सातनंतर द्यावे. ससा तसाही झुंजुमुंजूला आणि तिन्हीसांजेला खाणारा प्राणी आहे. चोवीस तास समोर हवे ते सुके गवत, कारण त्याच्या आतड्याची हालचाल तंतूंवर चालते. हिरव्यात हराळी, कोथिंबीर, पुदिना धुऊन, पाणी न निथळता तसेच ओले द्यावे, म्हणजे तेवढेच पाणी पोटात जाते. मात्र उरलेला पाला तासाभराने उचलावा, उन्हात तो आंबतो. लसूणघास प्रौढ सशाला रोज देऊ नये, त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, जास्त असतो. टरबुजाबद्दल सर्व जण विचारतात. सालीकडचा पांढरा भाग दोन बोटांएवढा द्यायला हरकत नाही, पण लाल गर गोड असतो आणि त्याने पोट बिघडते. उन्हाळ्यात पोट बिघडलेला ससा ही दुहेरी आपत्ती होय.

अंघोळीविषयी. पूर्ण भिजवलेला ससा घाबरतो, इतका की कधी कधी धक्क्यानेच दगावतो. शिवाय त्याची दाट लव तळापर्यंत वाळायला फार वेळ लागतो, आणि तोवर तो ओल्या घोंगडीत गुंडाळल्यासारखा असतो. त्याऐवजी हात माठाच्या पाण्यात बुडवून कानांच्या बाहेरच्या बाजूवरून हलकेच फिरवावा, कानाच्या छिद्रात थेंब जाऊ देऊ नये. कोरड्या हवेत ते पाणी मिनिटभरात उडते आणि कान हाताला गार लागतात. दुपारी दर तासाला एवढे केले तरी पुरे. लांब केसांच्या सशाचे केस आताच कात्रीने दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत कमी करावेत, विशेषतः पोटाचे आणि शेपटीभोवतीचे. वस्तरा लावू नये, कारण त्याची कातडी कागदासारखी पातळ असते आणि उन्हाने पोळतेही. साध्या सशाला रोज सकाळी विंचरून गळणारे केस काढून टाकले की तेवढे ओझे उतरते.

ऊन लागत असल्याच्या खुणा लवकर ओळखता यायला हव्यात. शांत सशाचे श्वास मिनिटाला ३० ते ६० असतात. ते मोजता येणार नाहीत इतके वाढले, नाकपुड्या जोरजोराने हलू लागल्या, कान लाल आणि गरम झाले, नाकाभोवतीचे केस ओले दिसले, तर ती सुरुवात आहे. हनुवटी लाळेने भिजली, मान मागे टाकून ससा तोंडाने श्वास घेऊ लागला, उठवल्यावर लडखडला, तर हाताशी फार थोडा वेळ उरला आहे असे समजावे. काही वर्षांपूर्वी दुपारी तीन वाजता पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून असाच एक ससा माझ्याकडे आला होता. खोक्याला भोके होती, पण तो स्कूटरवरून अर्धा तास उन्हातून आला होता आणि त्याचे तापमान ४१.८ भरले. घरच्यांनी त्याच्या अंगावर बर्फाचे खडे चोळले होते. अतिथंड स्पर्शाने कानांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता बाहेर पडायची वाटच बंद होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

करायचे ते असे. ससा ताबडतोब सावलीत, फरशीवर न्यावा. कान, पंजे आणि पोटाखालचा भाग साध्या, हाताला गार लागणाऱ्या पाण्याने ओला करावा आणि आता मात्र पंखा लावावा, कारण अंगावर उडायला पाणी आहे. बादलीत बुडवू नये. शुद्धीवर असेल तर तोंडाजवळ पाण्याचे भांडे धरावे, पण सिरिंजने किंवा चमच्याने पाणी ओतू नये. धापा टाकणाऱ्या प्राण्याच्या फुप्फुसात ते जाते. पॅरासिटामॉल किंवा माणसाचे कोणतेही औषध देऊ नये, कारण हा संसर्गाचा ताप नाही आणि त्या औषधाने तो उतरत नाही. श्वास थोडा स्थिरावला की ओले करणे थांबवावे, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली घसरते, आणि ओल्या टॉवेलवर ठेवून, शक्यतो एसी असलेल्या गाडीतून, त्याला दवाखान्यात न्यावे. निघण्यापूर्वी फोन करून तिथे सशांवर उपचार होतात का, हे विचारून घ्यावे. कुत्र्या-मांजरांना चालणारी काही औषधे सशाला घातक ठरतात. तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक आणि गोचिडांवरचे फिप्रोनिल ही त्यातली नेहमीची दोन.

सावरलेला ससा संध्याकाळी उठून बसला म्हणजे संकट टळले असे धरू नये. पुढचे दोन दिवस त्याच्या लेंड्या मोजाव्यात. त्या बारीक झाल्या, कमी झाल्या, किंवा बारा तासांत त्याने काही खाल्ले नाही, तर आतडे थांबत आहे, आणि तो पुन्हा तातडीने दाखवण्याचा प्रसंग आहे. आपला लांब केसांचा ससा सध्या दुपारी अंग टाकून राहतो, म्हणून त्याच्या बाबतीत हे मोजणे आजपासूनच सुरू करावे.

दोघे नर-मादी असतील तर जून संपेपर्यंत त्यांना वेगळे ठेवावे. या उष्णतेत नराची प्रजननक्षमता तशीही घसरते, आणि गाभण मादी उन्हाला सर्वांत आधी बळी पडते. मृगाचा पाऊस पडला की कूलर आणि ओले गोणपाट काढून टाकावेत, कारण दमट हवेत त्यांचा उपयोग उरत नाही. त्याच सुमारास माश्या वाढतात, म्हणून रोज संध्याकाळी शेपटीखालची जागा बोटांनी केस बाजूला करून पाहावी. तिथे घाण चिकटलेली राहिली तर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात. तशी एकही अळी दिसली तर सकाळपर्यंत वाट न पाहता दवाखाना गाठावा.